एम.ए. संगीताचा प्रवेश: बेळगाव, खानापूर, निपाणीच्या मुलांनी कागद आणि गळा कसा तयार ठेवावा

दरवर्षी जून उजाडला की माझ्या क्लासच्या सतरंजीवर तानपुऱ्याच्या बाजूला कागद पसरलेले असतात. मार्कशीट, विशारदचं प्रमाणपत्र, आधार, नाडकचेरीचे (महसूल कार्यालयाचे) दाखले. समोर आई-वडील आणि मुलगी. मुलगी छान गाते, बी.कॉम. झालेली, विशारदही झालेली, आणि तरी अर्ज परत आलेला. किंवा त्याहून वाईट म्हणजे प्रवेश मिळालेला, फी भरलेली, आणि दोन महिन्यांनी पात्रता विभागाचं पत्र आलेलं.

आपल्या भागातल्या मुलांचे कागद तीन ठिकाणांहून येतात. पदवी कर्नाटकातली, गाण्याच्या परीक्षा (प्रारंभिकपासून विशारदपर्यंत) मिरजेच्या गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या, आणि पुढचं शिक्षण कधी धारवाडला, कधी कोल्हापूरला, कधी पुण्या-मुंबईला. तिन्हींची भाषा वेगळी, नियम वेगळे. त्यामुळे गाणं तयार असूनही मुलं कागदावर अडकतात. खाली जो क्रम दिला आहे तोच पाळा. मागचं पुढे केलंत की वर्ष वाया जाण्याची भीती असते.

## टप्पा १: पात्रतेचं वाक्य शब्दाशब्दाने वाचा

हे काम पदवीच्या शेवटच्या वर्षाच्या दिवाळीत करायचं. निकाल लागल्यावर करायचं नव्हे.

तीन विद्यापीठं निवडा. आपल्याकडून जाण्यासारखी बरीच आहेत: धारवाडचं कर्नाटक विद्यापीठ, कोल्हापूरचं शिवाजी विद्यापीठ (तिथला संगीत व नाट्यशास्त्र विभाग), पुण्यातलं सावित्रीबाई फुले विद्यापीठाचं ललित कला केंद्र, मुंबई विद्यापीठ, एस.एन.डी.टी., म्हैसूरचं गंगूबाई हनगल यांच्या नावाचं संगीत विद्यापीठ. बेळगावातच केएलईचं संगीत विद्यालय आहे. लांब जायची तयारी असेल तर बडोदा, खैरागड, बनारस. प्रत्येकाचं त्या वर्षीचं माहितीपत्रक उतरवून घ्या आणि 'पात्रता' या शीर्षकाखालचं वाक्य वहीत हाताने लिहून काढा. हाताने लिहिलं की 'आणि' कुठे आहे, 'किंवा' कुठे आहे ते दिसतं.

हे वाक्य साधारण तीन प्रकारांपैकी एक असतं.

पहिला प्रकार: संगीत विषय घेऊन केलेली पदवी. म्हणजे बी.म्युझ., बी.पी.ए. किंवा संगीत हा विषय असलेली बी.ए. इथे बी.कॉम., बी.एस्सी. वाल्यांना दार बंद, मग विशारद असो की नसो.

दुसरा प्रकार: कोणत्याही शाखेची पदवी आणि त्यासोबत संगीताची मान्य परीक्षा. ही परीक्षा म्हणजे गांधर्व महाविद्यालय मंडळाची विशारद, कर्नाटकातली विद्वत, प्रयागची प्रभाकर, अशी यादी दिलेली असते. यादीत तुमच्या परीक्षेचं आणि संस्थेचं नाव जसंच्या तसं आहे का ते बघा. 'विशारद' हा शब्द वेगवेगळ्या संस्था वापरतात आणि प्रत्येकीचा विशारद सगळीकडे चालतोच असं नाही.

तिसरा प्रकार: कोणतीही पदवी आणि प्रात्यक्षिक चाचणी. इथे प्रमाणपत्राला दुय्यम स्थान, पण चाचणी कडक असते.

आपल्या मुलांपैकी बहुतेकजण दुसऱ्या प्रकारात बसतात आणि अर्ज मात्र पहिल्या प्रकाराच्या ठिकाणी करतात. बरेचसे अर्ज इथेच बाद होतात.

इशारा. "बाई, विशारद म्हणजे बी.ए.च की!" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता पहिल्याच दिवशी खुलासा करते. विशारद ही पदवी नाही. १९५६ च्या यूजीसी कायद्याच्या कलम २२ प्रमाणे पदवी देण्याचा अधिकार विद्यापीठांना, अभिमत विद्यापीठांना आणि संसदेने खास अधिकार दिलेल्या संस्थांनाच आहे. मंडळाची परीक्षा मेहनतीची आहे, तिचा मान आहे, पण बारावीनंतर नुसतं विशारद करून एम.ए.ला अर्ज करता येईल असं धरून चालू नका. विशारदच्या वरची अलंकार परीक्षा झाली म्हणजे एम.ए. झालं, हेही तसंच. पुढे सहाय्यक प्राध्यापकपदासाठी नेट (राष्ट्रीय पात्रता परीक्षा) द्यायची असेल तर विद्यापीठाचीच पदव्युत्तर पदवी लागते.

पडताळा. वहीत प्रत्येक विद्यापीठापुढे चार गोष्टी लिहिलेल्या हव्यात: पात्रतेचा प्रकार, पदवीला किमान किती टक्के, लेखी परीक्षा आहे का, प्रात्यक्षिक किती मिनिटांचं. चारपैकी एक जरी रकाना रिकामा असेल तर विभागाला फोन करा. फोन सकाळी अकरा ते एकच्या दरम्यान करा आणि कोणाशी बोललात, कोणत्या तारखेला बोललात ते लिहून ठेवा.

बनारससारख्या केंद्रीय विद्यापीठाचा विचार असेल तर सगळंच वेळापत्रक अलीकडे येतं. तिथला प्रवेश सीयूईटी-पीजी या राष्ट्रीय परीक्षेतून होतो आणि तिचे अर्ज हिवाळ्यातच निघतात. मे महिन्यात जागे झालात तर ती गाडी गेलेली असते.

## टप्पा २: विशारद कोणत्या सत्रात द्यायची ते आधी ठरवा

मंडळाच्या परीक्षा वर्षातून दोन सत्रांत होतात, एप्रिल-मे आणि नोव्हेंबर-डिसेंबर. पदवीचं शेवटचं वर्ष आणि विशारद पूर्ण एकदम उरकावं म्हणून मुलं एप्रिल-मेचं सत्र धरतात. त्या सत्राचा निकाल येईपर्यंत एम.ए.चे अर्ज भरून झालेले असतात. पदवीचा निकाल लागायचा असेल तर विद्यापीठं तात्पुरता अर्ज घेतात, पण विशारदच्या निकालासाठी थांबतीलच असं नाही.

म्हणून विशारद पूर्ण नोव्हेंबर-डिसेंबरच्या सत्रात द्या, तीही पदवीच्या शेवटच्या वर्षात किंवा त्याच्या आधी. प्रारंभिकपासून विशारद पूर्णपर्यंतच्या सात परीक्षा मोजा आणि मागून पुढे वेळापत्रक लावा. दहावीत असलेल्या मुलीने मध्यमा प्रथमचं वर्ष "बोर्ड आहे" म्हणून सोडलं की ते वर्ष शेवटी इथे आडवं येतं.

निकालपत्र हातात येतं तेव्हा प्रमाणपत्र यायचं बाकी असतं. अर्जाला निकालपत्र चालेल का, ते विचारून घ्या.

ज्यांनी बारावी न करता पूर्वतयारी अभ्यासक्रमाने मुक्त विद्यापीठाची पदवी घेतली आहे त्यांनी एक गोष्ट वेगळी तपासायची. माहितीपत्रकात 'दहा अधिक दोन अधिक तीन' असा आकृतिबंध मागितला आहे का? मागितला असेल तर अर्ज भरण्याआधी विभागाकडून लेखी उत्तर घ्या. ई-मेल पुरे.

## टप्पा ३: सगळ्या कागदांवर एकच नाव आणा

हा टप्पा कंटाळवाणा आहे आणि हाच सर्वात जास्त वेळ खातो.

आपल्याकडे दहावीच्या मार्कशीटवर आधी आडनाव, मग नाव. पदवीच्या मार्कशीटवर नाव आणि वडिलांच्या नावाचं नुसतं एक अक्षर. आधारवर पूर्ण नाव. मंडळाच्या प्रमाणपत्रावर क्लासच्या बाईंनी पहिल्या परीक्षेला जसं लिहिलं तसं, कधी घरचं लाडकं नावसुद्धा. त्यात कन्नडातून इंग्रजीत येताना स्पेलिंग बदलतं, 'पाटील'ची वेलांटी कुठे एक अक्षर होते, कुठे दोन. गावाचंही तेच. १ नोव्हेंबर २०१४ नंतरच्या कागदांवर बेळगावी, आधीच्यांवर बेळगाव, आणि संगणकाच्या यादीत दोन्हींपैकी एकच.

सतरंजीवर (खरंच सतरंजीवर, टेबल पुरत नाही) सगळे कागद एका ओळीत मांडा. दहावी, बारावी, पदवीच्या सगळ्या सेमिस्टरच्या मार्कशीट, शाळा सोडल्याचा दाखला, आधार, जातीचा दाखला, विशारद. मग फक्त नावाच्या ओळीवर बोट ठेवून डावीकडून उजवीकडे वाचत जा. जिथे फरक दिसेल तिथे पेन्सिलीने खूण करा. मूळ कागदावर नव्हे, झेरॉक्सवर.

दहावीचं मार्कशीट हे मूळ माना. आधार दुरुस्त करणं सोपं, म्हणून ते दहावीप्रमाणे करून घ्या. मंडळाच्या प्रमाणपत्रातली चूक परीक्षा केंद्रामार्फत दुरुस्त होते, त्यासाठी अर्ज आणि दहावीची प्रत लागते. पदवीच्या मार्कशीटवर चूक असेल तर कॉलेजमधूनच विद्यापीठाकडे अर्ज जातो आणि त्याला वेळ लागतो, म्हणून हे शेवटच्या सेमिस्टरच्या आधी धसास लावा. जे दुरुस्त होणारच नाही त्यासाठी नोटरीसमोर 'ही दोन्ही नावं एकाच व्यक्तीची' असं प्रतिज्ञापत्र करा.

पडताळा. नुसत्या कन्नडात असलेला एखादा कागद महाराष्ट्रातल्या विद्यापीठाला द्यायचा आहे का? मग त्याचं इंग्रजी किंवा मराठी भाषांतर नोटरी करून सोबत लावा. खिडकीवरच्या माणसाला कन्नड वाचता येईलच अशी अपेक्षा ठेवणं बरोबर नाही.

## टप्पा ४: कोणता दाखला कधी काढायचा

एक गैरसमज घराघरांत आहे. "धारवाड आपलंच विद्यापीठ, तिथे मायग्रेशन कशाला?" काका-मामांच्या वेळी ते खरं होतं. बेळगावची कॉलेजं तेव्हा कर्नाटक विद्यापीठाखाली होती. २०१० मध्ये राणी चन्नम्मा विद्यापीठ झालं आणि बेळगावची कॉलेजं तिकडे गेली. त्यामुळे आज राणी चन्नम्माची पदवी घेऊन धारवाडला जाणारी मुलगी कागदोपत्री दुसऱ्या विद्यापीठातून येते, जशी कोल्हापूरला जाणारी येते. केएलई हे अभिमत विद्यापीठ, तेही वेगळंच. विद्यापीठ बदललं की स्थलांतर प्रमाणपत्र, म्हणजे मायग्रेशन, लागणारच.

क्रम असा ठेवा:

१. पदवीचा शेवटचा निकाल लागला की आधी सगळ्या मार्कशीटच्या पाच-पाच झेरॉक्स आणि स्पष्ट स्कॅन.

२. कॉलेजमधून टी.सी. घ्या. एक सेमिस्टरचा विषय राहिला असेल तर घाई करू नका, निकाल पूर्ण झाल्यावरच घ्या. टी.सी. एकदाच मिळते, दुसरी प्रत काढायला त्रास होतो.

३. तात्पुरतं पदवी प्रमाणपत्र मागा. पदवीदान समारंभाची वाट बघत बसू नका.

४. प्रवेश कुठे घ्यायचा हे नक्की झाल्यावरच मायग्रेशनचा अर्ज करा. तीन ठिकाणी अर्ज केलेत म्हणून आधीच काढून ठेवलंत आणि शेवटी आपल्याच विद्यापीठात राहायचं ठरलं तर ते परत करण्याचा खटाटोप मागे लागतो.

५. अपार (विद्यार्थ्याचा शैक्षणिक ओळख क्रमांक) किंवा अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्सचा क्रमांक डिजिलॉकरमधून बघून लिहून ठेवा. तिथेही नाव दहावीप्रमाणे हवं.

इशारा. भारतातल्या मान्य विद्यापीठाच्या पदवीला दिल्लीच्या भारतीय विद्यापीठ संघाच्या (एआययू) समकक्षता दाखल्याची गरज नसते. तो परदेशी पदव्यांसाठी असतो. एजंट सांगतो म्हणून त्यावर पैसे घालू नका. आपल्याला हवा असतो तो नव्या विद्यापीठाचा पात्रता दाखला, आणि तो प्रवेशाच्या वेळी तिथेच अर्ज करून मिळतो.

## टप्पा ५: आरक्षण आणि सीमाभागाची तरतूद

कर्नाटकात अर्ज करताना जात आणि उत्पन्नाचा दाखला नाडकचेरीतून काढायचा. त्यावर आरडीने सुरू होणारा क्रमांक असतो, ऑनलाइन अर्जात तो जसाच्या तसा टाकायचा. वर्ग नीट बघा. मराठा समाज कर्नाटकात ३-बी मध्ये येतो. उत्पन्नाच्या दाखल्याची मुदत संपलेली नाही ना ते तपासा. ३७१-जे हा रकाना बेळगाव जिल्ह्यातल्या मुलांनी भरायचा नाही, तो कल्याण कर्नाटकासाठी आहे. दरवर्षी कोणीतरी तिथे 'होय' करतं आणि पडताळणीत अडकतं.

महाराष्ट्रात अर्ज करताना कर्नाटकाचा जातीचा दाखला राखीव जागेसाठी चालेल असं समजू नका. तिथे त्यांचा दाखला आणि त्यांची वैधता लागते. खुल्या किंवा राज्याबाहेरच्या गटात अर्ज करायची मनाची तयारी ठेवा.

मात्र महाराष्ट्राच्या बऱ्याच प्रवेश प्रक्रियांत वादग्रस्त सीमाभागातल्या मराठी भाषिक उमेदवारांसाठी वेगळी तरतूद असते. माहितीपत्रकात 'सीमाभाग' हा शब्द शोधा. सापडला तर दोन गोष्टी सिद्ध कराव्या लागतात: तुमचं गाव महाराष्ट्राने दावा सांगितलेल्या ८६५ गावांच्या यादीत आहे, आणि तुमची मातृभाषा मराठी आहे. दुसऱ्या गोष्टीसाठी शाळा सोडल्याच्या दाखल्यावरचा मातृभाषेचा रकाना कामी येतो. तो आजच काढून बघा. मराठी शाळेत शिकलेल्या मुलांच्या दाखल्यावरही कधीकधी तिथे रेघ मारलेली असते किंवा भलतंच लिहिलेलं असतं. शाळेत जाऊन मूळ रजिस्टर बघायला सांगा. रजिस्टरमध्ये बरोबर असेल तर नवा दाखला मिळतो.

## टप्पा ६: प्रात्यक्षिकाची तयारी

आता गळ्याकडे येऊ. इथे मला थोडं सविस्तर लिहू द्या, कारण विशारदला उत्तम गुण मिळवलेली मुलं इथे गडबडतात. विशारदच्या परीक्षेला भरपूर राग थोडेथोडे गायची सवय लागते. एम.ए.च्या चाचणीत एक राग नीट मांडावा लागतो, आणि वेळ दहा-पंधरा मिनिटं.

वेळेचा हिशेब. विलंबित एकतालाचं एक आवर्तन अतिविलंबित लयीत साधारण मिनिटभर चालतं. म्हणजे बड्या ख्यालाला सात मिनिटं दिलीत तर हाताशी सात आवर्तनं आहेत, जास्त नाहीत. घरी असं बसवा: मोजका आकार आणि राग उभा करणारे दोन-तीन आलाप, मग पहिल्या आवर्तनात स्थायी, दोन आवर्तनं मंद्र-मध्य सप्तकात विस्तार, एकात तार षड्जाकडे जाणं, एकात अंतरा, एकात बोल-आलाप, शेवटच्यात दोन साध्या ताना घेऊन समेवर. मग द्रुत बंदिश आणि चार-पाच स्वच्छ ताना. फोनवर घड्याळ लावून हे रोज एकदा पूर्ण गा. मुलं आलापात रमतात आणि अंतऱ्याला पोचायच्या आत "पुरे" असा आवाज येतो. परीक्षकाने तुमचा तार षड्ज ऐकलेलाच नसतो.

रागांची निवड. तीन राग पूर्ण तयार ठेवा: एक सकाळचा, एक दुपारचा, एक संध्याकाळ-रात्रीचा. भैरव किंवा तोडी, भीमपलास किंवा शुद्ध सारंग, यमन किंवा बिहाग. नाव कोणत्या वेळी पुकारतील ते सांगता येत नाही. दरबारी, मारवा असे राग गुरूंनी "हो" म्हटल्याशिवाय काढू नका. चाचणीत नेमकेपणाने गायलेला यमन डळमळत्या दरबारीपेक्षा पुष्कळ चांगला, हे मी तीनदा लिहायला तयार आहे.

पट्टी. माझी एक विद्यार्थिनी काळी पाचमध्ये गाते. एका ठिकाणी चाचणीच्या खोलीत तबला होता तो काळी एकला लावलेला, आणि वर चढेना. तबलजींनी सुचवलं, काळी चारमध्ये गा, म्हणजे तबला मध्यमाला जुळेल. तिने सा खाली आणला, आणि मंद्रातला पंचम नुसती हवा होऊन बाहेर पडला. तिने गायलं, पण बाहेर आली तेव्हा डोळे भरले होते. त्या दिवसापासून माझ्या क्लासात नियम आहे: आठवड्यातून दोन दिवस आपल्या पट्टीच्या एक पट्टी खाली रियाज. आणि चाचणीआधी विभागाला विचारायचं की तबला-पेटीची साथ तिथे मिळते का, तबला कोणत्या पट्टीचा, स्वतःचा साथीदार आणला तर चालतो का.

तबल्याचे विद्यार्थी असाल तर उलट प्रश्न विचारा: लेहऱ्याला कोण बसणार? पेशकार, दोन कायदे पलट्यांसह, एक रेला, तुकडे, एक चक्रदार, एवढं त्रितालात बांधून ठेवा, आणि प्रत्येक गोष्ट हातावर ताल देऊन तोंडाने म्हणता आली पाहिजे. पढंत कच्ची असेल तर वाजवणं कितीही चांगलं असो, गुण जातात.

तानपुरा. फोनमधल्या तानपुऱ्यावर वर्षभर गायलेल्या मुलांना खराखुरा तानपुरा समोर ठेवून "लावा" म्हटलं की घाम फुटतो. चाचणीच्या दोन महिने आधीपासून रोज स्वतः जुळवा. आधी जोडीचे षड्ज, मग खर्ज, शेवटी पंचम. जवारीचा दोरा कुठे थांबवायचा ते कानाने शिका, बोटाने सरकवत बसू नका.

पडताळा. घरच्या चार माणसांसमोर, खुर्चीवर बसलेल्यांसमोर, तुम्ही खाली बसून, एकदा पूर्ण चाचणी द्या. मध्येच कोणालातरी "थांबा, आता अंतरा म्हणा" असं म्हणायला सांगा. तिथून गाणं पुन्हा सुरू करता येतं का बघा.

## टप्पा ७: लेखी आणि तोंडी प्रश्न

शास्त्राचा अभ्यास पाठांतराने करणारे एका साध्या प्रश्नावर अडतात: "भूप आणि देशकारात फरक काय?" स्वर तेच पाच आहेत. भूपात वादी गांधार, संवादी धैवत, पूर्वांगात खेळतो, रात्रीच्या पहिल्या प्रहराचा. देशकारात वादी धैवत, उत्तरांगात फिरतो, सकाळचा. हे सांगून थांबू नका, दोन्हींची एकेक संगती गाऊन दाखवा. तसंच मारवा, पूरिया आणि सोहनी. स्वर एकसारखे, पण मारव्यात जोर कोमल ऋषभ आणि शुद्ध धैवतावर, पूरियात गांधार आणि निषादावर, मंद्राकडे ओढ, आणि सोहनी सगळी तार सप्तकाकडे धावणारी. अशा जोड्या काढून वही करा. तोंडी परीक्षा बहुतेक इथेच फिरते.

तालाच्या लयकारीसाठी एक युक्ती. झपतालाची दुगुन एकदाच म्हणून समेवर यायचं असेल तर खालीच्या मात्रेवर, म्हणजे सहाव्या मात्रेवर सुरू करा. एकतालाची सातव्यावर, त्रितालाची नवव्यावर. एकतालाची चौगुन तीन मात्रांत बसते, म्हणून दहाव्या मात्रेवर उचला. झपतालाची चौगुन अडीच मात्रांची, ती आठव्या मात्रेच्या मधून निघते. हे कागदावर मात्रांचे खण पाडून लिहा आणि मग हातावर म्हणा. लिहिलेलं नसेल तर परीक्षेत हात पुढे आणि तोंड मागे असं होतं.

लेखी परीक्षेचं माध्यम विचारून घ्या. कोल्हापूरला मराठीतून लिहिणं सोपं जाईल, धारवाडला कन्नड किंवा इंग्रजी धरून चाला. आपल्या पारिभाषिक शब्दांचं काही बिघडत नाही, आरोह तो आरोहच, पण 'संगीताच्या विकासातील घराण्यांचे स्थान' यावर दोन पानं इंग्रजीत लिहायची सवय नसेल तर आधी दहा-बारा उत्तरं लिहून बघा.

## टप्पा ८: चाचणीचा दिवस

बेळगावहून धारवाड साधारण पंचाहत्तर किलोमीटर आणि कोल्हापूर एकशे दहाच्या आसपास. निपाणीकरांना कोल्हापूर जवळ, खानापूरकरांना धारवाड. सकाळची वेळ असेल तर आदल्या रात्री पोचा. बसच्या खिडकीतला गार वारा खात गेलेला गळा दहा वाजता उघडत नाही.

मूळ कागदांची एक फाईल, झेरॉक्सची दुसरी. मूळ कागद खिडकीवर दिलेत तर पोच घेतल्याशिवाय तिथून हलू नका. गाण्यासाठी बसल्यावर आधी रागाचं, तालाचं नाव आणि पट्टी स्पष्ट सांगा. चुकलं तर थांबून माफी मागत बसू नका, पुढच्या समेवर या.

## टप्पा ९: नाव यादीत लागल्यावर

इथे मुलं सुटकेचा निःश्वास टाकतात आणि कागद अर्धे सोडतात. फी भरली की त्याच आठवड्यात पात्रता विभागात अर्ज द्या. सोबत मायग्रेशन, टी.सी., मार्कशीट. मायग्रेशन यायचं असेल तर अर्ज केल्याची पावती लावून मुदत मागा, लेखी. पात्रता पक्की झाली नाही तर पहिल्या सेमिस्टरचा निकाल अडवला जातो, आणि तेव्हा राणी चन्नम्माच्या खिडकीवर कोल्हापूरहून हेलपाटे घालावे लागतात.

कर्नाटकात शिकणार असाल तर शिष्यवृत्तीचा अर्ज राज्याच्या एसएसपी पोर्टलवर वेळेत भरा. आधार आणि बँक खातं जोडलेलं हवं.

नोकरीच्या दृष्टीने एक आकडा पहिल्याच दिवशी वहीच्या मुखपृष्ठावर लिहा: ५५. कॉलेजात सहाय्यक प्राध्यापक व्हायचं तर एम.ए.ला किमान ५५ टक्के आणि नेट किंवा सेट लागते, राखीव गटांना ५० टक्के. नेटमध्ये संगीताचा विषय क्रमांक १६. पहिल्या सेमिस्टरला शास्त्राच्या पेपरकडे दुर्लक्ष करून ५३ वर आलेली मुलं पुढे प्रात्यक्षिकाने भर काढतात, पण दमछाक होते.

कोणी एखादं दुसरं शिक्षण सोबत करत असेल, एम.कॉम. वगैरे, तर एप्रिल २०२२ पासून यूजीसीने एकाच वेळी दोन अभ्यासक्रमांना परवानगी दिली आहे. एक नियमित आणि एक दूरस्थ, किंवा वेळा आड येत नसतील तर दोन्ही नियमित. तरी दोन्ही विद्यापीठांना आधी विचारा, आणि टी.सी., मायग्रेशनची मूळ प्रत दोघांनीही मागितली तर काय करायचं ते फी भरण्याच्या आधी ठरवून घ्या.